संगणकाची स्मृती आणि अकरा ठोके



शाळेसाठी संगणक घ्यायला आपण नाशिकच्या बाजारात गेलात, तर दुकानदार म्हणेल, “जुन्यात १६००ची मेमरी, नव्यात ३२००ची, दुप्पट वेगवान.” देणगीचा पैसा मोजण्यापूर्वी हे ‘दुप्पट’ तपासून पाहू.

१९६८ साली रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या स्मृतीचे पेटंट मिळाले, तिच्यात माहितीचा प्रत्येक कण म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. हे कपॅसिटर आडव्या ओळींत व उभ्या स्तंभांत मांडलेले असतात. आधी सबंध ओळ उघडायची, मग स्तंभाचा क्रमांक देऊन ‘वाच’ अशी आज्ञा करायची. गंमत अशी, की वाचताना भार सांडतो. चिपला तो पुन्हा भरावा लागतो.

उत्तर तयार झाले, अशी हाक चिप देत नाही. नियंत्रक घड्याळाचे ठोके मोजून ठरल्या ठोक्याला माहिती उचलतो. अजान कानी आली नाही तरी रमजानचे छापील वेळापत्रक पाहून आपण रोजा सोडतो, तसेच हे. ठोका चुकला, की हाती भलतेच अक्षर.

आता गणित. १६००च्या मेमरीत सेकंदाला ८० कोटी ठोके, आणि ‘वाच’नंतर थांबायचे बहुधा ११ ठोके. ३२००मध्ये १६० कोटी ठोके, पण थांबायचे बहुधा २२. भागाकार करा: दोन्हीकडे १३.७५ नॅनोसेकंद! पहिल्या अक्षराची वाट तेवढीच. मागची रांग मात्र दुप्पट वेगाने सरकते.

म्हणून दुकानदाराला ‘सीएल’चा आकडाही विचारा. आणि शाळेपुरते माझे मत विचाराल, तर मेमरी किती जीबी आहे, हे आधी पाहा.