काळी आणि पांढरी : किल्लारी गावचा इतिहास-भूगोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी लातूर येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'एका गावाचा इतिहास आणि भूगोल' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी थोडी बिचकलेच. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया, भूगोल म्हटला की नद्या आणि पर्वत; लहानशा गावाला यांत जागा कुठली? मग मला माझे आजोळ आठवले. ते गाव म्हणजे औसा तालुक्यातील किल्लारी. त्याचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे, पण ते एका रात्रीपुरते. त्या रात्रीच्या आधीही ते गाव होते आणि नंतरही आहे. म्हणून आज सगळे गावच आपल्यापुढे ठेवते.

जुनी माणसे गावाचे दोन भाग सांगत. एक काळी, म्हणजे शेतजमीन. आणि दुसरी पांढरी, म्हणजे घरांची वस्ती. मातीची घरे पडायची, त्याच जागी नवी उठायची, चुलीची राख तिथेच मिसळायची. असे पिढ्यान्‌पिढ्या झाले की वस्तीची माती पांढुरकी होते. काळी पोटाला देते, पांढरी डोक्यावर छप्पर देते. गावाचा भूगोल काळीत असतो आणि इतिहास पांढरीत, असे मला वाटते.

आधी काळी पाहू. लातूरहून दक्षिणेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेले की तेरणेच्या खोऱ्यात किल्लारी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमीन फाटून तप्त रस बाहेर आला आणि थरावर थर साचून काळा पाषाण झाला. तोच झिजून आपली काळी माती बनली. ज्वारी, तूर, उडीद आणि अलीकडे सोयाबीन पिकवणारी माती तीच, आणि घराच्या भिंतीचा दगडही त्याच पाषाणाचा.

ही तेरणा साधीसुधी नदी नव्हे. तिच्याच काठी वर, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून आपण त्याला हात जोडतो. पण त्याच्याही हजार वर्षे आधी ते 'तगर' नावाची मोठी पेठ होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले गाव म्हणून तगरचे नाव येते. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून गलबतांत चढे. आपल्या औसा तालुक्यात खरोशाची कोरीव लेणीही आहेत. सांगायचे इतकेच, की हा मुलूख आडबाजूचा नव्हता.

पुढचा इतिहास आपण जाणताच. किल्लारीही निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. राज्ये बदलली, जिल्हा बदलला, पण पांढरी होती तिथेच राहिली.

आता त्या पांढरीवरचे घर. आजीच्या घराच्या भिंती हातभराहून जाड होत्या. वर माळवद. सागवानी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर दीड-दोन फूट माती. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे, म्हणजे पाणी मुरत नसे. वैशाखातही आत गारवा असे. "वाड्याला पंखा कशाला?" असे आजी अभिमानाने म्हणे. पण त्या भिंतीची आतली गोष्ट कुणाला उमगली नव्हती. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर, मध्ये चिखल आणि खडी. दोन थरांना एकत्र सांधणारा लांब दगड घालायची रीत मागे पडली होती. वरच्या मातीचे ओझे मात्र वर्षावर्षाला वाढत होते.

१९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीला हादरे बसू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा होता. माणसे काही दिवस अंगणात निजली, मग घरात गेली. दख्खनचे पठार अचल आहे, अशीच सर्वांची समजूत होती. शास्त्रज्ञांच्या नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवून गाव थकून निजले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. धक्का जमिनीच्या फार खोल नव्हता, म्हणून वर अधिक जाणवला. दगडी भिंती दुभंगल्या आणि माळवदाची माती निजलेल्यांवर आली. लातूर-उस्मानाबादेत आठ हजारांच्या आसपास माणसे गेल्याची नोंद आहे. कुठे हा आकडा दहा हजारांजवळ सांगतात. माझी आजी त्याआधीच देवाघरी गेली होती. मामी तेवढ्या मलब्यातून निघाल्या.

पुढे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. काळा पाषाण सुमारे ३४० मीटर जाड निघाला आणि त्याखाली फार प्राचीन खडक. ज्या काळीवर आपण उभ्या आहोत तिच्या पोटात काय आहे, हे आपल्याला इतक्या उशिरा कळले.

किल्लारीसह ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीन किती, त्यावर २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर. रस्ते सरळ, घरे रांगेत. मामी मला म्हणाल्या, "माय, शेत हाय तितंच हाय, पर शेजार कुटं गेला ते कळंना." काळी जागची हलत नाही, पांढरी मात्र उचलून नेली. नव्या वस्तीची माती अजून पांढरी झालेली नाही. त्याला पिढ्या लागतात.

आता या कथेतला आपला, म्हणजे बायकांचा भाग सांगते. ज्या गावांची घरे पडली नव्हती, पण खिळखिळी झाली होती, तिथे दुरुस्तीचे मोठे काम सरकारने काढले. गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना त्यात 'संवाद सहायक' म्हणून नेमले. त्यांनी घरोघर जाऊन समजावले की माळवदावरची माती कमी करा, भिंतीतून आरपार जाणारे दगड बसवा, भिंतींना भोवती पट्टा बांधून कोपरे जखडा. कालपर्यंत गवंड्यासमोर पदर पुढे ओढणाऱ्या बायका त्याला विचारू लागल्या, "इथं लांब दगड का नाही घातला?" भिंत सारवणे बाईचे काम, मग भिंतीच्या आत काय आहे ते विचारणेही बाईचेच काम, हे त्यांनी दाखवून दिले.

भगिनींनो, ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडे जमीन हलली, तो धक्का नांदेडातही जाणवला. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जाड भिंतींची माळवदे अजून उभी आहेत, आणि कुणाची आई, कुणाची सासू त्यांत निजते. या वर्षी माहेरी जाल तेव्हा एक करा. गावची काळी कुणी कसली, पांढरीवर कोणते घर कधी उठले, ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणा. आणि आईच्या उशाशी जी भिंत आहे, ती आतून कशी बांधली आहे तेही जाणत्या गवंड्याला विचारा. गावाचा इतिहास-भूगोल कळल्याचे सार्थक त्यातच आहे.