मनाचा कौल आणि गणिताचा निकाल

लहानपणी आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली, की ओसरीवर कोडी घालण्याचा कार्यक्रम होई. त्या कोड्यांच्या दोन जाती मला तेव्हापासून माहीत आहेत. काही कोडी अवघड असतात. त्यांचे उत्तर सुचतच नाही. दुसऱ्या जातीची कोडी याहून फसवी. त्यांचे उत्तर ऐकताक्षणीच सुचते, आपण ते मोठ्या ऐटीत सांगतो, आणि ते साफ चुकलेले असते! आज मला या दुसऱ्या जातीविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम एक दोरीचे कोडे घेऊ. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. पृथ्वी अगदी गुळगुळीत आहे आणि तिच्याभोवती तेवढीच लांब दोरी घट्ट बसविली आहे, अशी कल्पना करा. आता त्या दोरीला फक्त एक मीटरचा तुकडा जोडला आणि ती जमिनीपासून सर्वत्र सारखी उचलून धरली, तर मध्ये फट किती पडेल? मुंगीदेखील शिरणार नाही, असे बहुतेकांचे मन म्हणते. प्रत्यक्षात ती फट सुमारे १६ सेंटीमीटर असेल. मांजर अंग चोरून खुशाल पलीकडे जाईल. कारण साधे आहे. वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या सुमारे सव्वासहा पट असतो. तेव्हा घेर एक मीटरने वाढला, की त्रिज्या १६ सेंटीमीटरांनी वाढणारच. मग मूळचे वर्तुळ लिंबाएवढे असो की पृथ्वीएवढे! मन मात्र एका मीटरची तुलना ४०,००० किलोमीटरांशी करीत बसते. वास्तविक तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

दुसरे कोडे माझ्या मुलीने मला घातले. एका रविवारी तिने तीन वाट्या पालथ्या ठेवल्या आणि मला न दिसेल अशा बेताने एकीखाली सुपारी दडविली. मी एका वाटीवर बोट ठेवले. सुपारी कोठे आहे हे तिला ठाऊक होते. उरलेल्या दोहोंपैकी एक रिकामी वाटी तिने उचलून दाखविली आणि विचारले, “बाबा, आता तुम्ही वाटी बदलणार, की तीच ठेवणार?” मी म्हटले, “अगं, दोनच वाट्या उरल्या. बदलली काय आणि न बदलली काय, सारखेच!” ती नुसती हसली. आम्ही तीस डाव खेळलो आणि तीसही वेळा मी माझ्या वाटीला चिकटून राहिलो. सुपारी मिळाली ती अकरा वेळा! तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिली निवड तीनांत एकदाच बरोबर ठरते. उरलेल्या दोन खेपांना सुपारी इतर दोन वाट्यांत असते, आणि त्यांतील रिकामी वाटी मुलगीच दूर करते. म्हणून वाटी बदलणारा तीनांत दोनदा जिंकतो.

माझी फजिती झाली खरी, पण मी चांगल्या संगतीत होतो. अमेरिकेतील स्टीव्ह सेल्व्हिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली हे कोडे मांडले होते. १९९० साली मॅरिलिन व्होस साव्हांत यांनी ‘परेड’ या साप्ताहिकातील आपल्या सदरात त्याचे बरोबर उत्तर दिले, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे दहा हजार पत्रे आली. बहुतेक पत्रलेखक त्यांनाच चूक ठरवीत होते, आणि त्यांत सुमारे एक हजार डॉक्टरेट मिळविलेले विद्वान होते! पॉल एर्डोशसारख्या थोर गणितज्ञालाही हे उत्तर प्रथम पटले नाही. संगणकावर पुनःपुन्हा खेळून दाखविल्यावर त्याने ते मान्य केले.

हा सारा करमणुकीचा खेळ आहे असे कोणी म्हणेल. मीही तसेच समजत होतो. पण त्याच सुमारास माझ्या मेजावर एक यादी आली. दहा हजार शिधापत्रिकांच्या तपासणीतून ५९० पत्रिका बनावट असल्याचा संशय निघाला होता. ही तपासणी शंभरांत पंचाण्णव वेळा बरोबर ठरते, असा शेराही टिपणात होता. म्हणजे यादीतील शंभरांपैकी पंचाण्णव लबाड, असे मी धरून चाललो आणि पहिल्या काही कुटुंबांचे धान्य थांबविण्याच्या आदेशावर सही केली. चार दिवसांनी एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून कचेरीत आली. “साहेब, माझं काय चुकलं?” एवढेच तिने विचारले. तिची पत्रिका अस्सल होती.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पूर्वीच्या घरोघरच्या चौकशीत शंभरांत एखादीच पत्रिका बनावट आढळली होती. म्हणजे दहा हजारांत बनावट शंभर; त्यांपैकी ९५ सापडणार. अस्सल पत्रिका ९,९००; त्यांतल्याही शंभरांत पाचांवर, म्हणजे ४९५ पत्रिकांवर, चुकून ठपका येणार. दोहोंची बेरीज बरोबर ५९०! यादीतील दर सहा कुटुंबांपैकी पाच प्रामाणिक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदेश मागे घेतला आणि प्रत्येक घरी माणूस पाठविला. पण त्या चार दिवसांचे धान्य त्या बाईच्या चुलीपर्यंत वेळेवर पोचले नाही, ते नाहीच.

तेव्हापासून कोड्यांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहतो. मनाला ठामपणा फार लवकर येतो, आणि ठामपणा म्हणजे पुरावा नव्हे. हे शिकावयाचेच तर वाटी आणि सुपारी यांवर शिकलेले बरे. तेथे चूक झाली तर फार तर मुलगी हसते.

तेव्हा आज रात्री जेवणानंतर घरच्यांना यांतले एखादे कोडे जरूर घाला. उत्तर मात्र लगेच सांगू नका, आणि चुकणाऱ्याला हिणवू नका. त्याला तीन वाट्या द्या आणि खेळू द्या. “अरेच्चा, माझेच चुकले!” हे शब्द जो घरी हसत उच्चारू शकतो, त्याला ते कचेरीत उच्चारणेही जड जाणार नाही.