पाच तारे आणि दोन कान

स्पीकर किंवा हेडफोन घ्यायचा तर दुकानात जाऊन ‘जरा लावून दाखवा’ म्हणायची पद्धत आता मागे पडली. आपण फोन उघडतो, तारे बघतो आणि खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचत बसतो. एक म्हणतो, ‘बेस दणदणीत, पैसा वसूल.’ त्याच्याच खाली दुसरा, ‘बेस नावालाही नाही, पैसे पाण्यात.’ वस्तू एकच, किंमतही एकच. मग खोटं कोण बोलतंय?

बरेचदा कुणीच नाही. कानाच्या आत बसणारे इअरफोन घ्या. डबीत रबरी टोप्यांचे दोन-तीन जोड येतात, लहान-मोठे. आपण काय करतो, आधीच बसवलेला जोड तसाच ठेवतो. ती टोपी कानात घट्ट बसली नाही, की खालचे स्वर फटीतून निसटतात. डग्ग्याचा घुमारा जातो आणि चाटीची टकटक तेवढी उरते. गृहस्थ एक तारा देऊन मोकळे होतात. बिघाड इअरफोनमध्ये नव्हताच, दुसरा जोड डबीत तसाच पडून होता.

स्पीकरचं तर त्याहून अवघड. टाइल्सची जमीन, मोकळ्या भिंती, मोठी काचेची खिडकी अशा आपल्याकडच्या हॉलमध्ये आवाज आदळत फिरतो. तोच स्पीकर पडदे, गाद्या आणि पुस्तकांची कपाटं असलेल्या खोलीत शहाण्यासारखा वागतो. कोपऱ्यात सरकवलात तर बेस फुगतो, भिंतीपासून हातभर पुढे ओढलात तर बराचसा उतरतो. पण ‘स्पीकर कोपऱ्यात ठेवला होता’ असं अभिप्रायात कोण लिहितं? वर्णन असतं लिहिणाऱ्याच्या खोलीचं, आपण ते स्पीकरचं म्हणून वाचतो.

शिवाय ऐकतात काय, हा प्रश्न राहतोच. लग्नाच्या वरातीतली गाणी ऐकणाऱ्याला जो स्पीकर मिळमिळीत वाटला, तोच नाट्यसंगीताच्या शौकिनाला हवा असेल. तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते का, गायकाचा श्वास कळतो का, हे त्याला बघायचं असतं. अशा माणसानं ‘बेस कमी आहे’ ही तक्रार वाचली तर ती शिफारस समजायला हरकत नाही.

आता थोडं डोळ्यांविषयी. 1994 साली अमेरिकेत हार्मन या कंपनीतल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी एक प्रयोग मांडला. चार स्पीकर, चाळीस श्रोते, आणि श्रोते कंपनीचेच कर्मचारी. एकदा पडद्याआड स्पीकर ठेवून गुण द्यायला सांगितलं, एकदा समोर ठेवून. स्पीकर दिसायला लागल्याबरोबर गुण बदलले. मोठे, देखणे, महाग स्पीकर वर चढले आणि छोटा, स्वस्त संच घसरला. आवाज तोच होता. मला यातली गंमत अशी वाटते की ही मंडळी ऐकण्याच्या धंद्यातली होती. मग स्वतःचे पैसे मोजून, चकचकीत खोकं नुकतंच फोडून बसलेल्या माणसाची काय कथा!

याच जातीचा दुसरा किस्सा ताजा आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली रेकॉर्ड काढणारी नावाजलेली कंपनी. तिच्या खास तबकड्या शंभर डॉलरच्याही वर विकल्या जात. मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये डिजिटल काही नाही, अशी गिऱ्हाइकांची पक्की समजूत. त्या आवाजातली ऊब डिजिटलला कधी येणार नाही, असं जाणकार छातीठोकपणे सांगत. 2022 च्या जुलैत उघड झालं, की 2011 पासून यातल्या कित्येक तबकड्यांसाठी मधली पायरी डिजिटलच होती. प्रकरण कोर्टात गेलं. तबकड्या वाईट होत्या असं नव्हे, उलट कित्येक सुरेखच होत्या. लोकांनी ‘चांगलं वाजतं’ म्हटलं ते खरं होतं. ‘का चांगलं वाजतं’ म्हणून जे सांगितलं, ते त्यांनी वेष्टनावरून ऐकलं होतं.

पैसे देऊन लिहून घेतलेल्या अभिप्रायांबद्दल फार बोलत नाही, ती लबाडी सर्वांना ठाऊक आहे. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढलं. काढलं तेव्हा ते ऐच्छिक होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मग हे सगळं वाचूच नये का? वाचावं, अगदी जरूर वाचावं. पण आवाजासाठी नाही, वस्तूसाठी. हेडफोनची बिजागरी सहा महिन्यांत तुटली, एका कानाचा आवाज गेला, चार्जिंगची डबी नीट मिटत नाही, फोनवर बोलताना समोरच्याला पंख्याचीच घरघर ऐकू जाते, सर्व्हिस सेंटरवाले तारखा देतात. अशी साक्ष सोन्यासारखी. तुटलेली बिजागरी कुणाच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. आणि तीच तक्रार निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या शब्दांत केलेली दिसली, तर ती खरी धरून चाला. मुंबई-कोकणातल्यांनी हेडफोनच्या कानावरच्या गादीकडे विशेष लक्ष द्यावं. नकली चामड्याची ही गादी दमट हवेत पापुद्रे सुटून सोलवटते आणि काळे कण कानाला चिकटतात. हे पहिल्या आठवड्यातल्या पाच ताऱ्यांत कधीच सापडायचं नाही.

आवाजाचा निकाल मात्र तुमच्या घरी, तुमच्या पाठ असलेल्या गाण्यावर लावा. दोन वस्तू ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठ्यानं वाजणारी वस्तू कानाला हमखास चांगली वाटते. परतीची अट आधी वाचा, कित्येक इअरफोन नुसते बदलून मिळतात, पैसे परत मिळत नाहीत.

आणि तुम्ही स्वतः अभिप्राय लिहाल, तेव्हा वस्तू आली त्याच संध्याकाळी लिहू नका. एक पावसाळा जाऊ द्या. खोली केवढी, गाणी कोणती, टोपी कुठली बसली, काय मोडलं, एवढं लिहा. तारे कितीही द्या.