कशावरून, ते विचारा

उरणपासून खाली श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर शाळांची काही वाण नाही. सकाळी एखाद्या शाळेवरून जाताना तिसरीच्या वर्गाचा आवाज रस्त्यावर येतो. एक मूल धड्यातलं वाक्य वाचतं, बाकीची त्याच्या मागून म्हणतात. सूर ठरलेला, थांबायच्या जागा ठरलेल्या. धडा संपला की बाई विचारतात, "आई कुठे गेली?" वर्गभर हात वर होतात. "बंदरावर!" शाब्बास म्हणून पुस्तक मिटलं जातं.

त्या "बंदरावर" शब्दाने आपलं सगळ्यांचं समाधान होतं, आणि अडचण तिथेच आहे. एक वाक्य ऐका. "लुमट्याने सकाळी भिरंगं चिंबटलं." कोणी चिंबटलं? लुमट्याने. केव्हा? सकाळी. काय चिंबटलं? भिरंगं. तिन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण. वाक्याला अर्थ मात्र मुळीच नाही. कोण, कुठे, केव्हा एवढंच विचारत राहिलं तर मुलाला काय कळलं, याचा थांग लागत नाही. मूल हुशारीने वाक्यातला शब्द उचलून आपल्या हातावर ठेवतं, आणि आपण तो घेऊन पुढच्या धड्याकडे वळतो.

आता चार साधी वाक्यं घेऊ. आई सकाळी टोपली भरून बाजारात गेली. दुपारी ती परत आली. टोपली रिकामी होती. आई हसत होती.

इथे विचारायचा प्रश्न आहे, "आई का हसत होती?" त्याचं उत्तर चार वाक्यांत कुठेच लिहिलेलं नाही. थळ-वरसोलीकडची कोळ्याची पोर लगेच सांगेल, "सगलं म्हावरं खपलं!" टोपलीत मासे होते, असं तरी कुठे लिहिलं आहे? म्हणून लगेच पुढचा प्रश्न: कशावरून? आता मुलाला परत मजकुराकडे जावं लागतं. जाताना टोपली भरलेली होती, येताना रिकामी, आणि आई हसतेय. माल सांडला असता तर ती हसली असती का? एखादं मूल म्हणेल, टोपलीत नारळ असतील. तेही बरोबर, कारण मजकूर त्याला आडवा येत नाही. पण कुणी म्हणालं, "आई रिकामी टोपली घेऊन बाजारात गेली होती," तर पहिलं वाक्य त्याला अडवतं, आणि ते त्याचं त्यालाच सापडतं. आकलन म्हणतात ते हेच. ते वेगळ्या तासाला शिकवायची गरज नाही. ते या एका प्रश्नाच्या आगेमागे घडतं.

देशभरचं चित्र 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' या पाहणीतून मांडते आहे. ग्रामीण घरांत जाऊन मुलांपुढे एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. तिसरीतल्या १०० मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये सुमारे २० होती, २०२४ मध्ये सुमारे २७ झाली. सुधारणा आहे, तिचं कौतुक करावं. पण मूल गोष्ट घडाघडा वाचतं का, हेच त्या कागदावर मुख्यतः तपासलं जातं. वाचणाऱ्या २७ जणांतल्या किती जणांना ती कळली, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. ते अर्थासह वाचावेत, हेही तिथेच लिहिलं आहे. शाळेत घड्याळ लावून ६० मोजले जातात आणि 'अर्थासह' मागे राहतं, कारण शब्द मोजता येतात. अर्थ मोजायला मुलाशी बोलावं लागतं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे अगदी सोप्या हिशेबात बसवलं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचन. हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य.

खाडीत पाग टाकणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. खांद्यावरचं जाळं असं फिरवून फेकायचं की ते पाण्यावर गोल उघडलं पाहिजे, कडेच्या शिशाच्या गोळ्यांनी एकदम तळ गाठला पाहिजे. ही फेक शिकायला पोराला बरेच दिवस लागतात. बाराखडी आणि जोडाक्षरं ही ती फेक. ती जमलीच नाही तर पुढचं काही होत नाही, म्हणून ज्या मुलाचं अक्षरांशीच अडतं त्याला आधी तेच शिकवायला हवं, यात वाद नाही. पण फेकल्यावर दोरी हळूहळू ओढायची असते, जाळं काठावर आणायचं असतं, गाळ आणि काटक्या बाजूला करून खेकडा कोणता, बोईट कोणतं, ते बघायचं असतं. जाळ्याची भोकं मोठी असली, म्हणजे मुलाजवळ शब्दच थोडे असले, तर बारीक मासा निसटतो. तेव्हा जाळं विणत बसावं लागतं: गोष्टी सांगून, गप्पा मारून. आपल्या वर्गात फेकीला टाळ्या पडतात. जाळं ओढलं का आणि त्यात आलं काय, हे विचारायला कुणी काठावर थांबत नाही. "कशावरून?" हा प्रश्न म्हणजे ती दोरी ओढणं. पुन्हा सांगतो आहोत, कारण चुकतं ते नेमकं इथेच.

आणखी एक गोष्ट या किनाऱ्यापुरती सांगायलाच हवी. आगरी-कोळी घरांतून येणारं मूल पुस्तकात 'गाडी' पाहतं आणि 'गारी' वाचतं, 'पाणी' पाहतं आणि 'पानी' वाचतं. बाई लगेच थांबवतात, "गारी नाही, गाडी म्हण." मूल गाडी म्हणतं, पुढच्या ओळीत 'घोडा' येतो, पुन्हा थांबवणं. तिसऱ्या ओळीपर्यंत गोष्ट विस्कटून जाते आणि मुलाचं सगळं लक्ष जिभेकडे लागतं. वास्तविक 'गारी' म्हणणाऱ्या मुलाने शब्द ओळखलेला असतो, त्याचा अर्थ घेतलेला असतो, आणि तो घरच्या उच्चारात सांगितलेला असतो. याहून चांगला पुरावा कोणता हवा? प्रमाण उच्चार शिकवावा, जरूर शिकवावा, पण गोष्ट संपल्यावर, वेगळा वेळ काढून. आणि "काय झालं ते सांग" म्हटलं की मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यावं.

मुरूड तालुक्यातल्या कोर्लईत तर याहून पुढची अडचण आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली गावातली ख्रिस्ती घरं अजून बोलतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. अशा घरातलं मूल मराठी पुस्तक उघडतं, तेव्हा ते दुसरी भाषा वाचत असतं. ते गप्प बसलं तर त्याला समजलं नाही, असं धरून चालू नये. सांगायला शब्द मिळत नसतील. चित्र काढू द्या, बोलीत सांगू द्या, शेजारच्या मित्राला मराठीत करू द्या.

या मुलांजवळ पुस्तकाबाहेरचं ज्ञान किती असतं! अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ मुलांना बेसबॉलवरचा मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे असा मजकूर करून बघा: अष्टमी होती. बाबा दुपारी बारा वाजता होडीजवळ गेले. होडी गाळात बसली होती. बाबा जाळं दुरुस्त करत बसले. शहरातलं मूल हे न अडखळता वाचेल आणि बाबा जाळं घेऊन का बसले, तिथे अडकेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हे कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे बारा वाजता पाणी उतरलेलं. मूल म्हणेल, "पानी भरल्यावर होरी निघंल." कशावरून? अष्टमी लिहिलंय ना! स्वाध्याय आणि गाईडमधली तयार उत्तरं लिहून घेण्यापेक्षा अशी चार वाक्यं फळ्यावर लिहायला बाईंना पाचच मिनिटं लागतील.

मिनिटांचीच गोष्ट निघाली म्हणून. डोलोरेस डर्किन या संशोधक अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांमध्ये जाऊन बसल्या. वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटं त्यांनी पाहिली. त्यांत समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात गेली होती २० मिनिटं. बाकी वेळ प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, वह्या भरणं. ते १९७० च्या दशकाच्या अखेरीला. आपल्या शाळांतली मिनिटं कुणीतरी मोजायला हवीत.

पालकांनाही थोडं रागावून सांगावंसं वाटतं. "वाच" म्हणून मुलाला बसवायचं आणि आपण मोबाइल घेऊन ओटीवर, असं नको. शेजारी बसा. स्वतःला वाचता येत नसेल तरी बसा. "मग काय झालं? कशावरून म्हणतोस?" एवढं विचारायला अक्षरओळख लागत नाही. मासळी विकणारी आजी हे नातवाला उत्तम विचारू शकते.

वेळ संपत आला, आणि कातकरी मुलांबद्दल बोलायचं राहिलं. आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन महिनोन्महिने शाळेबाहेर राहणाऱ्या या मुलांना परत आल्यावर थेट धड्यावर बसवणं चुकीचं आहे. त्यांच्या भाषेतल्या गोष्टी आधी ऐकायला हव्यात, त्या लिहून त्यांनाच वाचायला द्यायला हव्यात. तो एका पूर्ण भाषणाचा विषय आहे. आपल्या प्रश्नाबद्दल दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळांमधून नेहमी एक शंका येते: दोन-दोन वर्ग एकाच खोलीत असताना प्रत्येकाला विचारायचं कधी? तिथे चौथीच्या मुलांना दुसरीच्या मुलांजवळ बसवता येईल. दुसरीच्या मुलाने वाचायचं, चौथीच्या मुलाने विचारायचं. फळ्याच्या कोपऱ्यात दोनच प्रश्न लिहून ठेवावेत, "का?" आणि "कशावरून?", आणि बाईंनी रोज एकाच जोडीजवळ बसून ऐकावं.