चित्रासोबत परवानाही हवा



 शिक्षक आणि संग्रहालयांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नाला देतो: संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दिसणारे चित्र शिक्षकाने वर्गात कोणत्या हक्काने वापरायचे?

अजिंठ्याचेच घ्या. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगात उतरवल्या. पुढे नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. नकला लंडनला गेल्या. तिथे 1885मध्ये लागलेल्या आगीत बऱ्याच नष्ट झाल्या, उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरून पुसट होत गेलेले बारकावे या कॅनव्हासवर टिकले आहेत. आपल्या मुलांना अजिंठा दाखवायला याहून चांगले साधन कोणते?

ग्रिफिथ्स 1918मध्ये वारले, बोमनजी 1938मध्ये. आपल्याकडे कलाकृतीचा कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. तरीही अशा जुन्या चित्रांच्या छायाचित्रांवर अनेक संग्रहालये नव्या अटी घालतात. ‘अव्यावसायिक वापरास मुभा’ ही त्यांतली नेहमीची. एखाद्या शिक्षिकेने चित्रातला एक हात मोठा करून त्याखाली मराठीत मुद्रेचे नाव लिहिले, त्याची पुस्तिका छपाईच्या खर्चात मुलांना विकली, धड्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. यांतले व्यावसायिक कोणते? ‘बदल करू नये’ अशी अट असेल, तर हात कापून घेणेही अडते. विचारायचे कोणाला, हेच ठाऊक नसल्याने ती चित्र गाळते आणि नुसता मजकूर शिकवते. नुकसान मुलांचे होते.

कायदा शिक्षकाच्या विरोधात नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना मोकळीक देते. त्या ओघाचा अर्थ केवळ वर्गातल्या तासापुरता नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2016मध्ये विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये मोडक प्रकरणात म्हटले, की कॉपीराइटसाठी निव्वळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जनशीलता हवी. या कसोटीवर जुन्या चित्राच्या हुबेहूब स्कॅनवर नवा हक्क सांगणे मला टिकणारे वाटत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017मध्ये, स्मिथसोनियनने 2020मध्ये लाखो प्रतिमा ‘सीसी झीरो’खाली, म्हणजे कोणतीही अट न घालता खुल्या केल्या. मूळ वस्तू त्यांच्याचकडे राहिल्या आणि प्रतिमा जगभरच्या वर्गांत पोहोचल्या.

आपल्या लहान संग्रहालयांची अडचण मी जाणतो. स्कॅनर, साठवण, माणसे यांना पैसा लागतो. तो शासनाने अनुदानातून द्यावा, शिक्षकाच्या खिशातून येऊ नये. काही गोष्टी जपूनच द्याव्या लागतील: हयात छायाचित्रकारांचे काम, खासगी अटींवर मिळालेली घराण्यांची कागदपत्रे, एखाद्या समाजाला पवित्र वाटणाऱ्या वस्तू. मात्र त्यांच्यासाठी मोडी कागद, जुने नकाशे आणि लघुचित्रेही कुलुपात ठेवू नयेत.

म्हणून या परिषदेने ठराव करावा. कॉपीराइट संपलेल्या वस्तूंच्या प्रतिमा विनाअट खुल्या कराव्यात. प्रत्येक प्रतिमेखाली तिचा परवाना सोप्या मराठीत लिहावा. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक डिजिटायझेशनला हीच अट असावी. आणि आपण शिक्षकांनी प्रतिमेसोबत संग्रहालयाचे नाव व नोंद क्रमांक न चुकता द्यावा. पुढच्या विद्यार्थ्याला मूळ वस्तूपर्यंत तोच नेईल. हा ठराव मी आपल्यापुढे मांडतो आणि त्याला एकमुखाने पाठिंबा द्यावा, अशी विनंती करतो.