‘नेट नाही’ हे उत्तर नव्हे



आमचे शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे सारे युनियनच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा संगणकाच्या जाळ्यावर आम्ही बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण कर्जत-खालापूरकडे पावसाळा लागला की ‘नेट नाही’ हे दोन शब्द रेशनच्या दुकानापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू येतात, आणि त्या दोन शब्दांत गरिबाचा दिवस बुडतो.

पूर्वी आम्ही मालकाला रजिस्टर पत्र पाठवीत असू. ते कधी ‘पत्ता अपुरा’, तर कधी ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येई. पत्र दोन्ही वेळा परतच आले; पण दुसऱ्या शेऱ्यावरून टपाल दारापर्यंत पोचले होते, एवढे सिद्ध होई.

जाळ्याचेही तसेच आहे. ज्या वर्षी आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याच १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या नियमांत, निरोप पोचला नाही तर कारण कळविण्याची सोय ठरली. ‘टाइम आउट’ म्हणजे उत्तरच आले नाही. वाट तुटली असेल, किंवा वाटेतल्या पहारेकऱ्याने निरोप गुपचूप टाकून दिला असेल. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा पलीकडचे यंत्र गाठले, पण ते काम घेणारे तेथे कोणी नाही. ‘४०४’ म्हणजे वाट ठीक, यंत्र ठीक. मागितलेला कागद तेवढा सापडत नाही.

खालापूर तालुक्यातील एका कारखान्यात हजेरीचे यंत्र तीन दिवस बंद पडले. व्यवस्थापन म्हणाले, “पावसाने तार तुटली. हजेरी नाही, तर पगार नाही.” एका कंत्राटी पोराने पडद्यावरची अक्षरे वहीत उतरून घेतली होती : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. आम्ही विचारले, “तार तुटली, तर हा नकार कोणत्या वाटेने आला?” तपास झाला. हजेरीचा संगणक कारखान्यातच चालू होता. त्यातली हजेरीची व्यवस्था कोणी सुरूच केली नव्हती. तीन दिवसांचा पगार पदरात पडला.

तेव्हा बंधूंनो, पडद्यावरचे शब्द, तारीख आणि वेळ लिहून घ्या. इंग्रजी येत नसेल, तर अक्षरांचा फोटो काढा. दोष कोठे आहे हे कळल्याखेरीज दाद कोणाकडे मागावयाची, हे कळत नाही. यंत्र आपले कारण सांगत असते; ते लपवितो तो माणूस.