पाठीवर सॅक, पायाखाली जयपूर



पाठीवर सॅक टाकून एकट्याने भटकणाऱ्या मराठी तरुणांच्या यादीत लिस्बन आणि बार्सिलोना ही दोन नावं हमखास असतात. लख्ख ऊन, पायी फिरण्याजोगं जुनं गाव, हॉस्टेलमधली स्वस्त खाट आणि समुद्र, एवढ्यावर ती यादी ठरते. यातला समुद्र वगळला तर बाकी सगळं मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर आहे. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळची जयपूर सुपरफास्ट पकडायची, दुसऱ्या दिवशी जयपूरला उतरायचं, स्टेशनाबाहेर मेट्रोत बसायचं आणि बडी चौपडला जिन्याने वर यायचं. 2020 च्या सप्टेंबरात हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि चारदीवारीत, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, शिरणं सोपं झालं. वर आलेला प्रवासी थेट चौकात उभा राहतो. रिक्षावाल्यांनी गराडा घालण्याआधी त्याला एक गोष्ट दिसून येते: चारी बाजूंचे रस्ते नाकासमोर सरळ जातात.

बनारसच्या गल्ल्यांत नवखा माणूस हमखास चुकतो. चारदीवारीत चुकायचं म्हटलं तरी जमत नाही. सवाई जयसिंगांनी 18 नोव्हेंबर 1727 रोजी या शहराचा पाया घातला. आमेरच्या डोंगरात कोंडलेली राजधानी त्यांना सपाटीवर आणायची होती, आणि व्यापारी, कारागीर येऊन वसतील अशी बाजारपेठ उभी करायची होती. आखणीत त्यांच्या हाताशी होते विद्याधर भट्टाचार्य, मूळचे बंगाली. नऊ चौकोन आखायचे ठरलं, पण वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला, म्हणून एक चौकोन उचलून पूर्वेकडे सरकवला. सूरजपोलपासून चांदपोलपर्यंत पूर्व-पश्चिम एकच सरळ रस्ता, त्यावर रामगंज, बडी आणि छोटी अशा तीन चौपडी, आणि मुख्य बाजाररस्ते शंभर फुटांहून रुंद. त्या काळी मोटार नव्हती. हत्ती मात्र होते. 2019 च्या जुलैत युनेस्कोने हे अख्खं शहर जागतिक वारशात घेतलं.

आता लिस्बनचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगायला हवी. जयसिंगांना ज्योतिषाची, म्हणजे आकाशाच्या गणिताची, विलक्षण ओढ होती. युरोपात काय चाललं आहे ते कळावं म्हणून शहराचा पाया पडत होता त्याच सुमारास त्यांनी मानुएल दी फिगेरेदो या जेझुइट पाद्र्याबरोबर एक पथक पोर्तुगालला पाठवलं. हे लोक लिस्बनला पोहोचले आणि परतताना फ्रेंच ज्योतिषी द ला हीर याची कोष्टकं घेऊन आले. त्यांच्याबरोबर पेद्रो दा सिल्वा नावाचा जाणकारही जयपुरात आला. राजाने ती कोष्टकं आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक काढली! पुढे 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात लिस्बन कोसळलं आणि त्याचा मधला भाग सरळ, काटकोनी रस्त्यांचा बांधला गेला. जयपूर तेव्हा 28 वर्षांचं होत आलं होतं. लिस्बनच्या त्या नव्या रस्त्यांना धंद्यांची नावं मिळाली: सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा. चारदीवारीतही तसंच आहे, ठठेरों का रास्ता म्हणजे तांबटांचा, मणिहारों का रास्ता म्हणजे बांगडीवाल्यांचा. फरक एवढाच, की लिस्बनच्या चांदीच्या रस्त्यावर आज मुख्यतः कॅफे आणि दुकानं आहेत, आणि जयपूरच्या मणिहारांच्या रस्त्यावर मणिहार अजून बसलेले आहेत.

सॅकवाल्याने पहिली सकाळ तिथेच घालवावी. त्रिपोलिया बाजारातून आत वळलं की दोन्ही बाजूंना लाखेच्या बांगड्यांची दुकानं लागतात. दुकानाच्या तोंडाशी निखाऱ्यांची शेगडी असते. लाखेचा गोळा तिच्यावर मऊ करतात, दुसऱ्या रंगाच्या लाखेचा थर त्यावर चढवतात, लाकडी ठोकळ्याने दाबत लांब कांडी वळतात, तिची कडी करून टोकं उबेवरच सांधतात आणि गोल लाकडावर चढवून माप घेतात. गिऱ्हाईक समोर हात पुढे करून बसलेलं असतं. मनगटाच्या मापाची बांगडी चहा संपायच्या आत तयार होते. पाहायला पैसे पडत नाहीत, मात्र उठताना एखादा जोड घेतल्याशिवाय पाय निघत नाही. खजानेवालों का रास्ता वेगळाच. तिथे संगमरवराची धूळ हवेत तरंगत असते. अर्धे कोरलेले गणपती, हनुमान आणि राष्ट्रपुरुष फुटपाथवर एका रांगेत उभे असतात, कोणाला नाक यायचं आहे, कोणाला चष्मा. पन्नीगरांच्या मोहल्ल्यात चांदीचा वर्ख कुटला जातो. मिठाईवरचा तो चकाकणारा पापुद्रा फुंकरीने उडतो, पण त्यामागे तासन्‌तास हातोडा चालवणारे दंड आहेत, आणि तो ठोका वळणाच्या आधीपासूनच ऐकू येतो.

जौहरी बाजारात मात्र सावध राहावं. जयपूर हे रंगीत खड्यांना पैलू पाडण्याचं जगातलं मोठं केंद्र, त्यामुळे एकट्या प्रवाशाशी सलगी करून ‘एवढे खडे तुमच्या देशात पोचवा, नफा वाटून घेऊ’ असं सांगणारे गोडबोले भेटतात. परदेशी बॅकपॅकर या जाळ्यात वर्षानुवर्षं अडकत आले आहेत. खडे पाहावेत, दुकानदाराशी गप्पा माराव्यात आणि पाकीट खिशातच ठेवावं. घ्यायचीच तर जयपुरी रजई घ्यावी. गुंडाळली की ती सॅकच्या तळाशी मावते.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की बाकीचे पर्यटक सावली शोधतात. नेमक्या त्याच वेळी जंतरमंतरला, म्हणजे जयसिंगांच्या वेधशाळेत, जावं, कारण तिथली बरीच यंत्रं उन्हावर चालतात. बृहत्सम्राट यंत्राची तिरकी भिंत 27 मीटर उंच आहे, आणि तिचा उतार जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे 27 अंश. तिची सावली शेजारच्या संगमरवरी कमानीवर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर पुढे जाते. डोळे रोखून उभं राहिलं तर वेळ सरकताना दिसतो, हे अजिबात अतिशयोक्तीने सांगत नाही. मनगटावरचं घड्याळ आणि ही सावली जुळत नाहीत, त्याने गोंधळू नये. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे, जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे सरासरी 27 मिनिटांची तफावत राहते, आणि ऋतूप्रमाणे ती कमीजास्त होते. या सगळ्यामागच्या गणितात एक मराठी माणूस होता. पंडित जगन्नाथ सम्राट, महाराष्ट्रातले ब्राह्मण, जयसिंगांचे गुरू आणि सल्लागार. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. खुद्द जयसिंगही कोवळ्या वयात आपल्या मुलखात येऊन गेले होते. 1702 मध्ये विशाळगडाला पडलेल्या मोगली वेढ्यात ते होते.

मराठ्यांचं आणि या शहराचं दुसरं नातं इतकं सोज्वळ नाही. त्रिपोलिया बाजारामागे ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा उभा आहे. वळणं घेत वर चढलं की चारदीवारीच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि पतंगांचे अडकलेले सांगाडे एका नजरेत येतात. गर्दी जवळजवळ नसतेच. चारदीवारीतलं हे सर्वांत चांगलं दृश्य, असं बेधडक म्हणावं. हा मनोरा जयसिंगांचे पुत्र ईश्वरीसिंग यांनी 1749 मध्ये विजयाची खूण म्हणून बांधला. 1747 मध्ये राजमहलच्या लढाईत त्यांनी सावत्र भाऊ माधोसिंग, त्याच्या बाजूचे मेवाडी आणि त्यांना मिळालेली मराठी कुमक यांना हरवलं होतं. विजय टिकला नाही. थकलेली खंडणी वसूल करायला मल्हारराव होळकर चालून आले, तेव्हा 1750 च्या डिसेंबरात ईश्वरीसिंगांनी विष घेऊन जीव दिला. माधोसिंग गादीवर आले. पुढच्याच महिन्यात वेशीबाहेर तळ देऊन असलेले हजारो मराठे नवं शहर पाहायला, देवदर्शनाला आणि खरेदीला आत शिरले. पर्यटकच म्हणायचे ते. अचानक दरवाजे बंद झाले आणि शहर त्यांच्यावर तुटून पडलं. मृतांचा आकडा इतिहासकार तीन हजारांच्या आसपास सांगतात. मराठी गाईडबुकांत याची ओळदेखील नसते. उंच रुंद बाजार पाहत, दुकानांपुढे रेंगाळत फिरणारी ती माणसं आणि आज त्याच रस्त्याने फिरणारा पुण्याचा इंजिनीअर यांत फार अंतर नाही, हे मनोऱ्यावरून खाली पाहताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

बाकीची प्रेक्षणीय स्थळं भराभर उरकली तरी चालतील. हवामहल 1799 चा, सवाई प्रतापसिंगांच्या काळातला, कारागीर लालचंद उस्ता. त्याचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी लवकर, समोरच्या फुटपाथवरून पाहावा. वरचे मजले जेमतेम एका खोलीइतके रुंद आहेत आणि शिरायची वाट मागून आहे. सिटी पॅलेसचं तिकीट महाग आहे, राजघराण्याच्या संग्रहालयाचं असल्यामुळे ते सरकारी एकत्रित तिकिटात येत नाही. तरी चांदीच्या दोन गंगाजळ्यांसाठी आत जावं. प्रत्येकीत सुमारे चार हजार लिटर पाणी मावतं. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला निघालेल्या माधोसिंग दुसऱ्यांनी त्यांतून गंगेचं पाणी नेलं, परक्या मुलखातलं पाणी पिऊन धर्म बुडू नये म्हणून. पाण्याची बाटली वीस रुपयांना घेणाऱ्याने जरा थांबून पाहावा असा हा थाट आहे. आणि ज्याला जग गुलाबी म्हणतं तो रंग खरं तर गेरूच्या जवळचा. 1876 मध्ये एडवर्ड युवराज म्हणून आले, तेव्हा सवाई रामसिंगांनी शहर या रंगात रंगवून घेतलं.

संध्याकाळी गोविंददेवजींच्या मंदिरात जावं. दिवसातून सात झांक्या, म्हणजे दर्शनं, होतात, आणि संध्येच्या झांकीला अख्खं जयपूर सभामंडपात लोटतं. दुकानदार गल्ला बंद करून येतात, बायका भाजीच्या पिशव्यांसकट येतात, पडदा सरकला की सगळे एकसुरात गातात. तिकीट नाही, गाईड नाही. चपला ठेवायला दोन-पाच रुपये.

शेवटचा अर्धा दिवस हाती असेल तर सूरजपोलातून बाहेर पडून गलताजीच्या डोंगरावर चढावं. वर सूर्यमंदिर आहे, पलीकडच्या घळीत कुंडं, आणि वाटभर माकडांच्या टोळ्या. ही माकडं अनुभवी आहेत. केळी हातात ठेवू नयेत, सॅकच्या बाजूच्या जाळीदार कप्प्यात तर मुळीच नाही. चेन उघडायला त्यांना माणसापेक्षा कमी वेळ लागतो.